छपरावरचे धोंडे आणि व्याह्यांचा विमा

घरावर धोंडे ठेवणं ही लाजेची गोष्ट नव्हे, असं गुरुपादप्पा मास्तरांचं ठाम मत होतं, आणि ते त्यांनी कुणी न विचारताही बऱ्याच जणांना सांगून टाकलेलं होतं. लातुरात चैत्र-वैशाखात वावधान सुटतं. ते काही विचारून येत नाही. ज्याच्या पत्र्यावर धोंडे नाहीत त्याचे पत्रे रेणापुराच्या वाटेला लागतात आणि घरधनी शर्ट काढून त्यांच्यामागं पळतो. मास्तर हायस्कुलात भूगोल शिकवायचे. हे वारं का सुटतं, कुठला पट्टा कुठं तापतो आणि हवा कुठून कुठं धावते, हे ते फळ्यावर बाण काढून समजावून सांगू शकत. पण घरी त्यांचा भरवसा बाणांवर नव्हता, धोंड्यांवर होता.

दरवर्षी पाडवा झाला की मास्तर धोतराचा काचा मारून शिडीनं वर चढायचे, एकेक धोंडा हलवून बघायचे, घसरलेला जागेवर बसवायचे आणि खाली येऊन आंघोळ करायचे. धोंडे असे तसे नव्हते. काही रेणापूरच्या वाटणीच्या रानातले, काळेभोर. दोन शेजारच्या विहिरीतून निघालेले. आणि मागच्या खोलीवर, बरोबर मधोमध, त्यांच्या आईच्या जात्याची तळी. वरची पाळ फुटली तेव्हा म्हातारी म्हणाली होती, ज्यानं घर जेवू घातलं ते उकिरड्यावर टाकत नसतात. तेव्हापासून ती तळी छपरावर बसून होती, आणि ती बसल्यापासून त्या घराचा पत्रा कधी उडाला नव्हता.

आता एवढं सगळं सुरळीत असताना त्यात कुणी तोंड घालायचं काही कारण होतं का? नव्हतं. पण व्याही नावाचा माणूस कारणाची वाट बघत नाही.

मास्तरांची एकुलती एक लेक महादेवी उदगीरला दिलेली. सासरे ईश्वरप्पा, मोंढ्यात धान्याची अडत, घर स्लॅबचं. पोरीचं डोहाळजेवण उदगीरलाच झालं आणि पहिलं बाळंतपण माहेरी या रीतीनं मास्तर लेकीला न्यायची बोलणी करायला बसले, तेव्हा ईश्वरप्पांनी सुपारी कातरता कातरता विषय काढला.

"मास्तर, माहेरी न्यायला आमची ना न्हाई. पण दिवस भरायलेत वैशाखात. तुमचं घर पडलं पत्र्याचं. वारं सुटलं मंजे?"

"व्याहीसाहेब, त्याच छपराखाली महादेवी जन्मली," मास्तर म्हणाले.

"तवा ती आमची सून नव्हती," ईश्वरप्पा म्हणाले.

यावर मास्तरांकडे उत्तर नव्हतं असं नाही. लई उत्तरं होती. पण शेजारी बसलेल्या नीलाबाईंनी नवऱ्याच्या गुडघ्याला असा चिमटा काढला की सगळी घशातच राहिली. मुलीकडच्या माणसाची जीभ अशीच लहान होत जाते.

ईश्वरप्पांनीच मग तोड सुचवली. त्यांच्या चुलतभावाच्या गोदामाचे पत्रे मागल्या साली उडाले होते आणि विमा कंपनीनं नवेकोरे पत्रे घालायला पैसे दिले होते. त्या दिवसापासून ईश्वरप्पा विम्याचे भक्त झाले होते. "घराचा विमा काढा. वादळाचा. कागद हातात पडला की मी स्वतः जीपनं सूनबाईला आणून सोडतो," ते म्हणाले.

परतीच्या एसटीत मास्तर धुमसत होते. "कागद काय पत्रे धरून बसणार हाय का? धोंडे दिसले न्हाईत ह्या माणसाला?"

"दिसले म्हणून तर म्हणले," नीलाबाई म्हणाल्या. "काढून टाका विमा. माझी लेक मला घरी पायजे. पहिलटकरीण हाय ती, सासूच्या पुढ्यात कण्हायला बी लाजल."

इथं गोष्ट संपली. लेक घरी यायची तर कागद पाहिजे. मास्तर विमा काढायला निघाले.

पण निघण्याआधी शेजाऱ्यांचा सल्ला घ्यावा लागला. म्हणजे घ्यायचा नव्हता, पण शेजारी शेषेराव होते. शेषेराव तहसिलीतून नाझर म्हणून निवृत्त झाले होते आणि आता अंगणातल्या लिंबाखाली खुर्ची टाकून गल्लीचं कामकाज चालवत होते. "विमा लई चांगली गोष्ट हाय मास्तर," ते म्हणाले. "निस्ती मिळत न्हाई एवढंच." मग त्यांनी विमा न मिळालेल्या चार माणसांच्या हकिकती सांगितल्या, आणि शेवटी विमा अवश्य काढा असा सल्ला दिला.

विम्याचा एजंट निघाला वीरभद्र. हा मास्तरांचाच विद्यार्थी. नकाशात गोदावरी दाखव म्हटलं की तापीवर बोट ठेवायचा. तो आता पायात बूट घालून मास्तरांच्या ओसरीवर बसला आणि मास्तरांना वादळ म्हणजे काय ते समजावून सांगू लागला. मास्तरांनी ते ऐकून घेतलं. लेकीसाठी बाप काय काय ऐकून घेतो.

अर्ज मोठा होता. तो कुणीतरी कुठल्यातरी किनाऱ्यावर बसून छापलेला असावा. तिसराच प्रश्न होता: समुद्रकिनाऱ्यापासून घराचे अंतर. मास्तर ताठ बसले. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी छापाच्या कागदानं त्यांना भूगोल विचारला होता. त्यांनी अरबी समुद्र, बंगालचा उपसागर, दोन्हीकडची सरळ रेषेतली अंतरं, मध्ये आडवा येणारा सह्याद्री, पर्जन्यछायेचा प्रदेश, असं समासापर्यंत लिहिलं. वीरभद्रानं ते खोडून 'लांब' असं लिहिलं.

पुढला प्रश्न होता: घरात यापूर्वी पाणी शिरले आहे काय. त्या साली पाऊस झालाच नव्हता. नळाला चार-चार दिवस पाणी नाही, टँकर आला की गल्लीत घागरींवरून डोकी फुटायची. नीलाबाई आतून म्हणाल्या, "शिरत असंल तर कधी शिरणार हाय तेवढं विचारून घ्या. भांडी रिकामीच हायत."

खरी गंमत पुढं झाली. पत्त्यात मास्तरांनी ठसठशीत लिहिलं होतं, जिल्हा लातूर. जिल्हा नवा झाला त्या दिवशी त्यांनी पोरांची प्रभातफेरी काढली होती, स्वतःच्या खिशातून पेढे वाटले होते, आणि फळ्यावरच्या नकाशात नवी हद्द काढताना खडू मोडेपर्यंत दाबला होता. पण विम्याचं हापीस होतं नांदेडला, आणि तिथल्या कारकुनाच्या छापील यादीत लातूर जिल्हाच नव्हता. त्यानं लातूर खोडून उस्मानाबाद केलं. मास्तर नांदेडला जाऊन भांडले. कारकून शांतपणे म्हणाला, "यादी बदलली की तुमचा जिल्हा करून टाकू." जिल्हा विधानसभेत झाला, कचेरीवर पाटी लागली, कलेक्टर येऊन बसला, आणि हा बहाद्दर म्हणतो करून टाकू!

मग घर बघायला इन्स्पेक्टर आला. नांदेडचाच, पोरसवदा, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यानं छपराकडं बघितलं आणि चष्मा काढला.

"हे काय आहे?"

"धोंडे," मास्तर म्हणाले.

"कशाला?"

"पत्रे उडू नयेत म्हणून."

"म्हणजे पत्रे नीट बसवलेले नाहीत," इन्स्पेक्टर म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहिलं. "छपरावर सुटं वजन चालत नाही. हे कुणाच्या डोक्यात पडलं म्हणजे? सगळे खाली घ्या. प्रत्येक पत्र्याला आकडे मारून घ्या, लोखंडी. तर पॉलिसी."

इतकी वर्षं धोंड्यांनी पत्रे धरले, एकाचंही डोकं फोडलं नाही, आणि वादळापासून घर वाचवायचा कागद मिळवायचा तर आधी वादळापासून घर वाचवणारे धोंडे काढायचे. हे म्हणजे डॉक्टरनं औषध देण्याआधी पथ्य मोडायला लावण्यासारखं झालं. मास्तरांनी तसं बोलून दाखवलं. इन्स्पेक्टर म्हणाला, नियम आहे.

धोंडे उतरवले. आईच्या जात्याची तळी मास्तरांनी स्वतः पोटाशी धरून शिडीवरून खाली आणली. सगळे रस्त्याकडच्या भिंतीला टेकवून रांगेनं ठेवले. अंगणात जागा नव्हती, तिथं घागरींची रांग होती.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुष्काळामुळं रोजगार हमीची कामं निघाली होती, आणि मास्तरांच्या गल्लीपासून नव्या कलेक्टर कचेरीपर्यंतचा रस्ता त्यातच होता. बायाबापड्या दिवसभर उन्हात खडी फोडत बसायच्या. मजुरी खडीच्या ढिगावर. ढीग जेवढा, मजुरी तेवढी. अशा दिवसांत लातुरात रस्त्याच्या कडेला दगड मोकळा ठेवणं म्हणजे मांजरासमोर दूध ठेवून ते वाटीतच राहील अशी आशा करणं. मास्तर शाळेतून आले तेव्हा भिंत मोकळी होती.

ते तसेच रस्त्याच्या कामावर गेले. मुकादम किशनराव छत्रीखाली बसला होता.

"माझे धोंडे कुणी उचलले?"

"रस्त्याकडंला जे दगड व्हते ते रस्त्याला लागले," किशनराव म्हणाला.

"ते रस्त्याकडंला नव्हते. माझ्या भिंतीला टेकलेले होते."

"तुमची भिंत बी रस्त्याकडंलाच हाय की मास्तर."

हातोडी मारत बसलेली केवळाबाई तेवढ्यात म्हणाली, "त्यातला त्यो गोल दगड तुमचा व्हता व्हय? लई छळलं बया त्यानं. दोघी जणी लागलो तवा फुटला."

मास्तर खडीच्या ढिगात खाली वाकले, हातानं चाळवत राहिले. एक तुकडा सापडला, त्यावर टाकीच्या खुणा होत्या. दरवर्षी छिन्नीनं जात्याला टाके घालून जाणाऱ्या टाकेवाल्याला आई भाकरी द्यायची, तेव्हाच्या खुणा. तो त्यांनी खिशात टाकला आणि घरी येऊन नीलाबाईंच्या हातात दिला. नीलाबाईंनी तो देव्हाऱ्यात बसवण्णाच्या शेजारी ठेवला. भांडण कुणाशी करायचं? ती बाई पोटासाठी फोडत होती. राग आला तो चष्मेवाल्याचा, त्याच्या वहीचा, आणि मुळात उदगीरच्या स्लॅबचा.

आकडे मारायचे राहिले होते. नवा जिल्हा झाल्यापासून लातुरात जो तो खोली वाढवून साहेबांना भाड्यानं द्यायच्या मागं लागलेला. पत्रे मिळत, आकडे मिळत नसत. मास्तरांना निम्म्या छपरापुरतेच मिळाले. तेवढे पुढच्या दोन खोल्यांना मारले. मागची खोली, म्हणजे जी बाळंतिणीसाठी सारवून, पोतारून ठेवली होती, ती तशीच राहिली. उरलेले आकडे येतील तसे मारू असं वीरभद्रानं परस्पर कळवून टाकलं, आणि पॉलिसी आली.

पॉलिसी आली आणि मास्तर बदलले. नीलाबाईंचं तरी हेच म्हणणं होतं. ईश्वरप्पा कागद वाचून खूश झाले आणि महादेवीला जीपनं आणून सोडलं. पोरगी आईच्या गळ्यात पडली, मग सरळ मागच्या खोलीत जाऊन बाजेवर आडवी झाली आणि वर बघून म्हणाली, "अप्पा, आज्जीचं जातं कुटं गेलं?" लहानपणापासून पत्र्याला पडलेला तो बाक बघत ती झोपायची. मास्तरांनी सांगितलं, आता जात्याची गरज नाही, आता विमा आहे.

हे वाक्य त्यांच्या तोंडी बसलं. नीलाबाई सकाळी म्हणायच्या, आकडे आणा. मास्तर म्हणायचे, विमा आहे. नीलाबाई संध्याकाळी म्हणायच्या, निदान ज्वारीचं पोतं तरी ठेवा वर. मास्तर म्हणायचे, सुटं वजन चालत नाही, आणि विमा आहे. जो माणूस पाडव्याला न चुकता शिडी लावायचा तो त्या साली आरामखुर्चीत बसून राहिला. शेषेरावांनी लिंबाखालून त्यात तेल ओतलं. "आता वारं सुटायलाच पायजे मास्तर. न्हाई सुटलं तर तुमचा हप्ता फुकट गेला की." मास्तरांनी त्यांना झापलं. पण खरं सांगायचं तर सगळं लातूर आभाळाकडं पावसासाठी बघत होतं आणि मास्तर अधूनमधून वाऱ्यासाठी बघत होते. जुने पत्रे, गंजलेले. जाऊन नवे आले तर कुणाला नको आहेत?

वारं सुटलं. भर दुपारी पश्चिमेला धुळीची भिंत उभी राहिली आणि कुणाला दार लावायलाही सवड न देता गल्लीवर आली. पाऊस थेंबभर नाही, निव्वळ वारं. पुढच्या खोल्यांचे पत्रे आकड्यांना धरून थडथडले, पण बसून राहिले. मागच्या खोलीचे एकापाठोपाठ उठले. एक शेषेरावांच्या लिंबात अडकला आणि बाकीचे शाळेच्या मैदानात जाऊन पडले. नशीब एवढंच की महादेवी त्या वेळी स्वयंपाकघरात आईकडून वेणी घालून घेत होती. वारं गेल्यावर मास्तर मागच्या खोलीत गेले. बाजेवर, गोधडीवर, कोपऱ्यातल्या पाळण्यावर धूळ, आणि वर लख्ख आभाळ. पोरगी तिथं असती तर, हा विचार त्यांनी पुरा केला नाही.

शेजारपाजारच्यांनी पत्रे आणून दिले. धड होते सगळे, एखादा कोपरा वाकलेला. मास्तर शिडी लावणार तेवढ्यात वीरभद्र सायकलवरून धापा टाकत आला. "सर, हात लावू नका. पॉलिसीच्या मागल्या पानावर हाय. सर्वेअर बघून जाईपर्यंत नुकसान हाय तसं राहिलं पायजे." एवढं सांगून, अर्ज भरून घेऊन तो भोकरला सासरवाडीला गेला, आणि तिकडंच राहिला.

अर्ज नांदेडला गेला. नांदेडनं पत्ता बघितला, जिल्हा उस्मानाबाद, आणि उस्मानाबादकडं बघणाऱ्या सर्वेअरकडं कागद पाठवला. त्यानं उस्मानाबादेत ती गल्ली शोधली. तिथं ती नव्हती. ती लातुरात होती. त्यानं तसं लिहून कागद परत केला. इकडं बाळंतिणीची खोली उघडी, वैशाखाचं ऊन थेट बाजेवर, आणि महादेवी दिवस भरलेली, आईबापांबरोबर मधल्या खोलीत दाटीवाटीनं पडलेली. मास्तर रोज सकाळी मागच्या खोलीत जाऊन आभाळ बघून यायचे आणि शाळेत पोरांवर ओरडायचे.

ईश्वरप्पांना कळलं तसे ते जीप घेऊन आले. मास्तरांना वाटलं, सून परत न्यायला आले. पण ते आले होते नुकसान राखायला. ओसरीवर तक्क्याला टेकून बसले, पॉलिसी मांडीवर.

"हात लावायचा न्हाई मास्तर. आमच्या भावानं महिनाभर गोदाम उघडं ठेवलं तवा पैसा मिळाला."

"गोदामात सून नव्हती," मास्तर म्हणाले. या वेळी नीलाबाईंनी चिमटा काढला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी महादेवीच्या पोटात दुखायला लागलं. सुईण आली, तिनं मधल्या खोलीत एक नजर टाकली. तिथं येण्याजाण्याची वाट, अडोसा नाही, निम्मी जागा ज्वारीच्या कणगीनं खाल्लेली. "खोली कुटंय?" तिनं विचारलं. नीलाबाईंनी मागं बोट दाखवलं. सुईणीनं वर बघितलं, मग पश्चिमेकडं बघितलं. तिकडं आभाळ पुन्हा काळवंडायला लागलं होतं.

मास्तर उठले. काचा मारला.

"मास्तर," ईश्वरप्पा म्हणाले, "क्लेम जाईल."

"जाऊ द्या."

पत्रे वर चढवायला शेषेराव आले, सल्ला न देता आले, हे नमूद केलं पाहिजे. पण ठेवायला धोंडे? गावात धोंडा म्हणून शिल्लक नव्हता, सगळी खडी झालेली. मास्तर रस्त्याच्या कामावर पळत गेले. किशनरावानं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि खडीच्या ढिगामागं नेलं. तिथं जुने हद्दीचे दगड पडले होते, पांढरा रंग दिलेले, नवा जिल्हा झाल्यावर उपटून आणलेले. "हे फोडायचा हुकूम न्हाई," तो म्हणाला, "आन ठिवायचा बी न्हाई. न्या." केवळाबाई आणि आणखी दोघींनी हातगाड्यावर चढवले, ढकलत घरापर्यंत आणून दिले. त्या जात्याचं ओझं तिच्याही मनावर असावं.

मास्तर अर्ध्या शिडीवर, छातीशी दगड, वारं धोतरात शिरलेलं, शिडी डुगडुगते आहे, आणि खाली ईश्वरप्पा पॉलिसी हातात घेऊन उभे. आतून पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं. मास्तरांनी खाली बघितलं. डोहाळजेवणापासून गिळलेलं सगळं एका वाक्यात आलं.

"व्याहीसाहेब, एक तर कागद धरा, न्हाईतर शिडी धरा."

ईश्वरप्पांनी कागद धोतराच्या ओच्यात खोचला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. माणूस दणकट. शिडी जागची हलली नाही. मास्तर चढले, उतरले, परत चढले. उदगीरच्या मोंढ्यातला अडत्या शेवटी शिडी शेषेरावांकडं देऊन स्वतः हातगाड्यावरून दगड उचलून त्यांच्या हातात द्यायला लागला, आणि हाश्शहुश्श करत बसवण्णाचं नाव घेत होता.

महादेवीला मागच्या खोलीत नेलं, आणि वारं आलं ते पत्र्यांवरून घासून गेलं. थोडा पाऊसही पडला, जमीन ओली होईल एवढाच. त्या आवाजात रडणं आधी कुणाला ऐकूच आलं नाही. नीलाबाई दारात येऊन म्हणाल्या, "मुलगी." मास्तर ओसरीच्या पायरीवर बसले आणि पंच्यानं तोंड पुसत राहिले, बराच वेळ.

सर्वेअर आला तो बाराव्या दिवशी, नेमका नाव ठेवायच्या सकाळी. दारात जीप उभी, आत गव्हाच्या गोड हुग्गीचं पातेलं चढलेलं, बायका पाळण्याला फुलं बांधतायत, आणि हा फाईल घेऊन हजर. घर हेच का, याची त्याला शंका होती. पत्ता उस्मानाबादचा, पाटी लातूरची. मग त्यानं छपराकडं बघितलं. तिथं पांढऱ्या दगडावर काळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, जि. उस्मानाबाद. त्याचा चेहरा उजळला.

"घर तर बरोबर आहे," तो म्हणाला. "नुकसान दाखवा."

मास्तरांनी सगळं सांगितलं. कुठून वारं आलं, कुठला पत्रा कुठं पडला. लिंबाची मोडलेली फांदी साक्षीला होती, शेषेराव साक्षीला होते. सर्वेअरनं टेप लावून छप्पर मोजलं. पत्रे सगळे जागेवर. "नुकसान दिसत नाही," त्यानं लिहिलं.

"दिसत न्हाई, कारण मी पत्रे घातले," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "माझी लेक उघड्या आभाळाखाली बाळंत व्हायला पाहिजे होती का?"

सर्वेअर वाईट माणूस नव्हता. त्यानं खरंच थोडा विचार केला.

"तसं झालं असतं," तो म्हणाला, "तर केस एकदम पक्की होती."

आत पाळणा हलायचा थांबला. सर्वेअरनं फाईल बांधली आणि जाता जाता सांगितलं की छपरावर सुटं वजन आहे, ते उतरवलं नाही तर पुढल्या वर्षी पॉलिसी मिळणार नाही.

ईश्वरप्पा तक्क्यावरून उठले. नव्या धोतराची, जरीच्या उपरण्याची पर्वा न करता जीपच्या मागं गेले आणि पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी दोन हातांनी उचलून आणलं. पोतं बाजूला केलं. जात्याची तळी होती, चांगली जाडजूड, टाकीच्या खुणा अजून शाबूत.

"आमच्या आईची," ते मास्तरांकडं न बघता म्हणाले. "वरची पाळ कवाच फुटली. आमचं घर पडलं स्लॅबचं, वर ठिवायचं काम न्हाई, आन टाकवत बी न्हाई." मग सर्वेअरकडं वळून म्हणाले, "साहेब, जरा बाजूला व्हा. शिडी कुठाय मास्तर?"

"आधी बारसं तरी होऊ द्या," नीलाबाई आतून म्हणाल्या.

"आधी हे," ईश्वरप्पा म्हणाले. "नात खाली निजणार हाय."

महादेवीनं बाळाला उचलून छातीशी धरलं आणि पाळणा थोडा बाजूला सरकवला, जात्याचा बाक पडला की तो निजल्या निजल्या दिसेल असा. ईश्वरप्पा चढायला लागले. या वेळी शिडी मास्तरांनी धरली.